माळ, उतार आणि काळी

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर त्याच्या आग्नेय कोपऱ्यात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून असलेले दिसतात. त्यांच्या दक्षिणेस नीरा नदी वाहते. भीमा नदी उत्तरेकडून व पूर्वेकडून इंदापूर तालुक्यास वळसा घालते, आणि तालुक्याच्या अगदी टोकाशी, नीरा नरसिंहपूर येथे, या दोन नद्यांचा संगम होतो. तिसरी नदी कऱ्हा. ती पुरंदर तालुक्यात उगम पावते, मोरगाव व बारामती या गावांवरून वाहते आणि पुढे नीरेस मिळते.

आगगाडीतून किंवा मोटारीतून या भागातून जाणाऱ्या प्रवाशास येथे फारसे काही वेगळे दिसत नाही. दूरवर चार-दोन बुटक्या टेकड्या, मध्ये उघडे रान, कोठे उसाचे हिरवे पट्टे. सारी जमीन एकसारखी आहे, असे म्हणून तो पुढे निघून जातो. परंतु तेथील एखाद्या जुन्या शेतकऱ्यास विचारले, तर तो त्याच जमिनीची कितीतरी नावे सांगतो. हा माळ, ही बरड, ही मुरमाड, ही तांबट, ही काळी, ती मळईची आणि ती पलीकडची चोपण. एवढे भेद तो कशावरून करतो? आणि या भेदांचा उपयोग काय?

सारख्या वस्तू एकत्र ठेवणे आणि वेगळ्या वस्तू निराळ्या करणे, यास वर्गवारी म्हणतात. वर्गवारी करण्यापूर्वी सारखेपणा कशात पाहावयाचा, हे ठरवावे लागते. शाळेत कवायतीच्या वेळी मुले उंचीप्रमाणे उभी राहतात. हजेरीपटावर तीच मुले नावांच्या क्रमाने येतात. मुले तीच, पण क्रम दोन. कारण दोन्ही वेळचे काम वेगळे आहे. जमिनीचेही तसेच आहे. एखाद्या प्रदेशाचे नैसर्गिक विभाग पाडावयाचे असतील, तर तीन प्रश्न विचारावे लागतात. जमिनीखाली कोणता खडक आहे? जमिनीला उतार किती आहे? पडलेल्या पावसाचे पाणी कोठे जाते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र जवळजवळ एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला. तो पसरला, थंड झाला आणि त्याचा थर बनला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर साचून महाराष्ट्राचे पठार तयार झाले. या थरांतील काही थर घट्ट काळ्या फत्तराचे आहेत, तर काही सच्छिद्र व मऊ आहेत. विहीर खणणारे लोक या मऊ खडकास मांजऱ्या असे म्हणतात. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर टिकून राहतो. म्हणूनच येथील टेकड्यांचे माथे टोकदार नसून सपाट असतात आणि त्यांच्या बाजूंवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात.

पावसाच्या बाबतीत मात्र या तालुक्यांच्या वाट्याला फार थोडे येते. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बहुतेक पाणी रिते करतात. त्याच पुणे जिल्ह्यात लोणावळ्यास वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर बारामती-इंदापुराकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तोही नियमित नसतो. ज्या प्रदेशात पाणी थोडे, त्या प्रदेशात पाणी कोठे थांबते आणि कोठून निघून जाते यावरच सारे अवलंबून असते. या दृष्टीने पाहिले म्हणजे या भूमीचे चार विभाग आपोआप दिसू लागतात.

पहिला विभाग टेकड्यांचा. सिंहगडाजवळ सह्याद्रीपासून एक रांग पूर्वेकडे निघते. तिला भुलेश्वराची रांग म्हणतात. पुरंदरचा किल्ला याच रांगेत आहे. पश्चिमेस ही रांग उंच व बेलाग आहे; परंतु पूर्वेकडे येता येता ती खचत जाते आणि बारामती तालुक्याच्या वायव्येस, सुप्याच्या परिसरात, तिच्या ठेंगण्या टेकड्याच काय त्या उरतात. टेकड्यांच्या उतारावर माती ठरत नाही. पावसाची सर आली की ती ओघळांतून खाली वाहून जाते. वर उरतात ते दगडगोटे आणि त्यांच्या फटींत मुळे रोवून उभी राहिलेली बोरीबाभळीची खुरटी झाडे.

दुसरा विभाग माळाचा. टेकड्यांच्या पायथ्याशी आणि दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर रुंद, किंचित लाटांसारखी वरखाली होणारी जमीन पसरलेली असते. येथे माती वीतभर, कोठे त्याहूनही कमी असते. तिच्याखाली लगेच मुरूम लागतो. मुरूम म्हणजे खडक कुजून झालेला भरड चुरा. त्यात पाणी फार वेळ टिकत नाही. मोठ्या वृक्षास येथे आधार मिळत नाही, परंतु गवतास तो पुरतो. पहिल्या पावसानंतर कुसळी व पवन्या यांसारखी गवते उगवतात आणि सारा माळ हिरवा होतो. आश्विनात तो पिवळा पडतो आणि उन्हाळ्यात तर ओसाड भासतो. परंतु गवताचे बी मातीत असते, मुळे जिवंत असतात.

तिसरा विभाग मधल्या उताराचा. माळ संपून जमीन हळूहळू ओढ्याकडे उतरू लागली की मातीचा थर जाड होत जातो. वरून वाहून आलेली माती येथे थोडी विसावते. तिचा रंग तांबूस किंवा करडा असतो आणि तिच्यात पुष्कळदा चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. पाऊस बरा झाला तर येथे बाजरी, मटकी, हुलगा आणि तूर अशी पिके येतात. पावसाने ओढ दिली तर शेतकऱ्याची मेहनत वाया जाते.

चौथा विभाग नदीकाठच्या काळीचा. नीरा, भीमा आणि कऱ्हा यांच्या दोन्ही काठांवर हजारो वर्षे बारीक गाळ साठत आला आहे. येथे माती पुरुषभर किंवा त्याहूनही खोल असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भाद्रपद-आश्विनात पडलेला पाऊस ती आपल्या पोटात साठवून ठेवते. त्या ओलीवरच शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हिवाळाभर वाढते. भीमेच्या काठच्या मुलखास पूर्वी भीमथडी असे नाव होते. थडी म्हणजे काठ. या भीमथडीचे घोडे मराठ्यांच्या सैन्यात प्रसिद्ध होते.

हे चार विभाग एका पावसाच्या थेंबाने एकमेकांशी जोडलेले आहेत. टेकडीवर पडलेला थेंब बरोबर थोडी माती घेऊन निघतो. माळावर तो गवताच्या मुळांशी अडखळतो व त्यातील काही पाणी मुरुमात मुरते. उतारावर तो ओढ्यास मिळतो आणि शेवटी नदीकाठी आपला गाळ टाकतो. म्हणजे नदीकाठची काळी ही वरच्या टेकड्यांचीच झिजून उतरलेली माती होय. सुप्याजवळच्या टेकड्यांवर तर दोन शेजारचे थेंब एकमेकांपासून वेगळे होतात. उत्तरेस पडलेला भीमेकडे जातो, दक्षिणेस पडलेला कऱ्हेतून नीरेकडे जातो, आणि नीरा नरसिंहपूरच्या संगमावर त्यांची पुन्हा गाठ पडते.

या विभागांच्या सीमा नकाशावरील रेषेसारख्या ठळक नसतात. माळ कोठे संपला आणि उतार कोठे सुरू झाला, हे एक पाऊल टाकून सांगता येत नाही. त्यासाठी चालावे लागते, माती हातात घेऊन पाहावी लागते आणि खणून तिची खोली मोजावी लागते. नेमके हेच काम पूर्वी एकदा याच भागात फार मोठ्या प्रमाणावर झाले होते. त्याची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

पेशवाईनंतर इंग्रज सरकारने शेतसारा ठरविण्यासाठी जमिनीची मोजणी सुरू केली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक जमिनीचे उत्पन्न व खर्च यांचा हिशेब मांडून १८३० च्या सुमारास सारा ठरविला. हिशेब कागदावर नीटनेटका होता. परंतु तो प्रत्यक्ष जमिनीशी जुळत नव्हता. इंदापूर तालुक्यात सारा डोईजड झाला. शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या, काही जण गाव सोडून गेले आणि शेते ओस पडली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरातच हे काम नव्याने हाती घेतले. त्यांनी ठरविलेला सारा १८३६ पासून ३० वर्षांसाठी लागू झाला. पुढे मुंबई इलाख्यात जी मोजणीची पद्धत सर्वत्र रूढ झाली, तिचा आरंभ या इंदापुरात झाला.

ही पद्धत १८४७ च्या अहवालात पक्की करण्यात आली. शेताचे सारखे भाग कल्पून प्रत्येक भागातील मातीची खोली हातांनी मोजावयाची, रंग व पोत पाहावयाचा आणि मग दोष शोधावयाचे, असा क्रम होता. चुनखडीचे खडे, वाळू, फार उतार, वाहत्या पाण्याने धुपण्याची भीती, नको इतकी ओल, हे दोष मानले जात. दोष आढळला की जमीन खालच्या वर्गात जाई. असे नऊ वर्ग होते. पावणेदोन हात किंवा अधिक खोल असलेली निर्दोष काळी जमीन पहिल्या वर्गाची. तिची किंमत सोळा आणे, म्हणजे पूर्ण एक रुपया. सर्वांत खालच्या नवव्या वर्गाची किंमत अवघी दोन आणे.

या कामाचे महत्त्व मोठे होते. वर्ग बरोबर ठरला तर शेतकऱ्याच्या घरी धान्य उरे. चुकला तर त्याला घरदार सोडावे लागे. ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापूरचा सारा पुन्हा ठरविण्यात आला व तो पुष्कळ वाढला. त्या वेळी कापसाचे भाव चढलेले होते. ते लवकरच कोसळले, पण वाढलेला सारा तसाच राहिला. सावकारांचे कर्ज डोक्यावर होतेच. या साऱ्यांचा परिणाम म्हणून १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो दख्खनमधील अनेक गावांत पसरला. लोकांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. जमिनीच्या वर्गवारीस माणसांच्या पोटापाण्याशी किती जवळचा संबंध असतो, हे यावरून दिसून येते.

गोल्डस्मिड व विंगेट यांची वर्गवारी काळजीपूर्वक केलेली होती. परंतु तिचा प्रश्न एकच होता. या जमिनीतून पीक किती निघेल व सारा किती घेता येईल? त्या प्रश्नाच्या कवायतीत माळ अगदी शेवटी उभा राहिला. तो दोन आण्यांचा ठरला. त्याला लोक पडीक म्हणू लागले. पुढे सरकारी नकाशांतही अशा गवताळ व झुडपी जमिनींची गणना पडीक जमिनीत होऊ लागली. नाव एकदा पडीक पडले की त्या जागेस कोणी जपत नाही. तेथे मुरुमाच्या खाणी खणल्या जातात, केरकचरा टाकला जातो, नाहीतर गवत उपटून दाट झाडी लावण्याचा प्रयत्न होतो.

परंतु प्रश्न बदलून पाहावा. या जमिनीवर कोण राहते, असे विचारले तर दोन आण्यांचा माळ एकदम पुढच्या रांगेत येतो. चिंकारा हे सडपातळ हरीण अशाच मोकळ्या गवताळ रानात राहते. दाट झाडीत त्याला दूरवरचे दिसत नाही व पळताही येत नाही. लांडगा, खोकड आणि ससा यांचे घर माळच होय. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्याच्या अंड्यांचा रंग मातीत असा मिसळतो की दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. सुप्याजवळ सुमारे ५ चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, ते मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी. बारामती तालुक्यातील शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथील गवताळ रानांतही हे प्राणी आढळतात. धनगरांच्या मेंढ्यांना चारा मिळतो तो याच माळावर. शिवाय माळाच्या मुरुमात मुरलेले पाणी खालच्या उतारावरील विहिरींना येऊन मिळते. म्हणजे ज्यास पडीक म्हटले, ती भूमी रिकामी मुळीच नव्हती.

वर्गवारी कायमचीही नसते. मनुष्य जमिनीचे रूप बदलतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर या कोरड्या मुलखासाठी नीरा नदीचा डावा कालवा खणण्यात आला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. ते भाटघर धरणाच्या जलाशयातून येते. कालव्याच्या खालच्या बाजूस ऊस डोलू लागला. माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर येथे साखरेचे कारखाने उभे राहिले. कालव्याच्या वरच्या बाजूस मात्र पूर्वीसारखीच कोरडी शेती राहिली. तेव्हापासून लोकांच्या बोलण्यात दोनच विभाग मुख्य झाले : बागायत भाग आणि जिरायत भाग. त्यांच्यामधील सीमा निसर्गाने आखलेली नसून कालव्याने आखलेली आहे, आणि ती फार ठळक आहे.

परंतु काळ्या जमिनीचा मूळ स्वभाव कालव्याने बदलला नाही. पाणी धरून ठेवणे हा तिचा गुण. तिला गरजेहून अधिक पाणी पाजले, तेव्हा जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली. त्याबरोबर खालचे क्षारही वर आले. उन्हाने पाणी उडून गेले आणि क्षार मातीवर पांढऱ्या थराच्या रूपाने उरले. माती चिकट व घट्ट झाली, पिके पिवळी पडली. हीच चोपण जमीन. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारासच नीरेच्या खोऱ्यातील अशा खारावलेल्या जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. यावर उपाय आहेत. चर खणून साचलेले पाणी काढून द्यावे, आणि पिकास लागेल तेवढेच पाणी द्यावे. सोळा आण्यांची जमीन एका चुकीने दोन आण्यांची होते आणि ती पुन्हा सुधारण्यास अनेक वर्षे लागतात.

दुसरा मोठा बदल भीमेच्या काठी झाला. सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मागे इंदापूर तालुक्याच्या कडेने दूरवर पसरले. भीमथडीची उत्तम काळी जमीन व अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेव येथील जुने मंदिर पाणी ओसरले म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा दिसू लागते. ज्या काठावर शाळू पिकत असे, तेथे उथळ पाण्याचा एक नवाच विभाग निर्माण झाला. भिगवणजवळच्या या पाण्यावर आता दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांना पाहण्यास लांबून लोक येतात. त्याच पाण्याखाली ज्यांची शेते गेली, त्यांना मात्र आपल्या जुन्या काळीची आठवण होते. एकाच जागेविषयी दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

म्हणून कोणत्याही भूमीची वर्गवारी वाचताना, ती कोणी केली आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी केली, हे आधी पाहावे. सारा ठरविणाऱ्याने पीक पाहिले, कालवा खणणाऱ्याने उतार पाहिला, धनगराने गवत पाहिले. प्रत्येकाने पाहिलेले खरे होते, परंतु एकट्या कोणाचेच पाहणे पुरे नव्हते. टेकडी, माळ, उतार आणि काळी ही चारही एकाच पाण्याने बांधलेली आहेत. वरच्या माळावरील गवत नाहीसे झाले, तर माती खालच्या ओढ्यात जाते आणि विहिरी आटतात. खालच्या काळीस जास्त पाणी दिले, तर वरच्या कोरड्या गावांच्या वाट्याला येणारे पाणी वाया जाते आणि जमीनही बिघडते.

पाऊस पडून गेल्यावर आपल्या गावाच्या वरच्या अंगास असलेल्या उंचवट्यावर जावे. तेथून ओढ्याकडे चालत उतरावे. वाटेत चार ठिकाणी माती हातात घेऊन तिचा रंग पाहावा, ती भरड आहे की मऊ हे चाचपावे, आणि काठीने तिची खोली अजमावावी. चौथ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत गावाच्या जमिनीचे विभाग कोणी न सांगता समजू लागतात. आणि मग वरचा तो उघडा माळ पाहून त्यास पडीक म्हणण्यापूर्वी मनुष्य क्षणभर थांबतो.